दादाच्या ट्रकचे शॉकॲब

शाळेच्या वार्तापत्रात माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कामाविषयी लिहावे, असा निरोप बाईंकडून आला. उद्यमबागेत माझे लहानसे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक वेल्डिंगचा सेट आणि आम्ही तिघे माणसे. दिवसभर जॉब लावायचा, माप घ्यायचे, जॉब उतरवायचा. यात मुलांना सांगण्यासारखे काय असणार, असे मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक मोडकी वस्तू घेऊन आले की ती दुरुस्त करायची की नवी घ्यायला सांगायची, हे तू कसे ठरवतोस? तेवढेच लिही की." हा प्रश्न माझ्या रोजच्या पोटापाण्याचा. एकदा तर तो घरातच उभा राहिला होता. तीच हकिकत लिहितो.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, भाजीचा ट्रक चालवतो. ट्रक लहान, सहा चाकी, पण स्वतःचा. रात्री बेळगावच्या मार्केटमध्ये कोबी, टोमॅटो, गाजर, मिरची भरायची आणि उजाडायच्या आत गोव्यात पोहोचवायची. वाट जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी अशी. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, हे मुलांना भूगोलात शिकवलेले असतेच. तिथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पावसाळा संपल्यावर त्या रस्त्याचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर दादा म्हणू लागला, "गाडी नाचायलीय." खड्ड्यातून चाक वर आले की ट्रकचे तोंड दोन-तीनदा खालीवर होई आणि मग शांत बसे. घाटात वळणावर ब्रेक लावला की पुढची चाके रस्त्यावर नीट टेकलेली नाहीत, असे त्याला वाटे. पुढच्या टायरांवरून तळहात फिरवला तर जागोजागी उंचसखल लागे. त्या वर्षी माझा पुतण्या याच शाळेत आठवीत होता. सुट्टी लागली की हट्टाने बापाच्या शेजारी केबिनमध्ये बसून साखळीपर्यंत जायचा. त्यामुळे वहिनीपासून आमच्या आईपर्यंत सगळ्यांना एकदम शॉकॲबची काळजी लागली.

शॉकॲब म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. नावावरून वाटते की धक्का हाच सोसतो. प्रत्यक्षात धक्का सोसतात ते पाटे. ट्रकच्या एक्सलवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील, तेच हे पाटे. चाक उंचवट्यावर चढले की पाटे वाकतात आणि धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठवून घेतात. पण साठवलेली ऊर्जा ते लगेच परतही करतात. स्प्रिंगला वजन लावून खाली ओढून सोडा. ते किती वेळ खालीवर होत राहते ते पाहा. ट्रकचेही तसेच व्हायला लागेल. हे दोलन लवकर थांबवणे एवढेच शॉकॲबचे काम. पुस्तकात याला अवमंदन म्हणतात. पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्या घर्षणानेही थोडे अवमंदन होते. म्हणून तर शॉकॲब गेलेला ट्रकसुद्धा लोक महिनोन्महिने चालवतात. पण मोकळा ट्रक आणि खराब रस्ता एकत्र आले की तेवढ्यावर भागत नाही. चाक उड्या मारू लागते, आणि जे चाक हवेत आहे त्याला कितीही चांगला ब्रेक लावला तरी त्याचा उपयोग नाही.

आता त्याच्या पोटात काय असते ते पाहू. ट्रकला साधारणपणे जो शॉकॲब असतो त्यात एकात एक अशा दोन नळ्या असतात. आतल्या नळीत तेल आणि दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोके आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्या. दट्ट्या वरखाली झाला की तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते, त्यात त्याची दमछाक होते आणि हालचालीची ऊर्जा उष्णता बनून बाहेर जाते. म्हणून खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा चांगला शॉकॲब कोमट लागतो, आणि शेजारचा गार असेल तर तो काम करत नाही असा संशय घ्यावा. (हात लावून पाहायचे ते मोठ्यांनी, तेही जपून, फार तापलेला असू शकतो.)

बाहेरच्या नळीत थोडे तेल आणि थोडी हवा ठेवलेली असते. ही हवा कशाला, असे मी पुतण्याला विचारले होते. त्याला क्षणभर सुचेना. मग मी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला आणि एक पेन्सिल दिली. पेन्सिल बुडवली तसे पाणी सांडले. दांडा आत शिरला की त्याच्या आकारमानाइतके तेल बाजूला व्हावे लागते, त्याला जागा हवी. शॉकॲब तेलाने गच्च भरला तर दांडा आत जाणारच नाही, आणि जोर लावला तर सील फुटेल. आर्किमिडीजचा धडा असा ट्रकखाली सापडतो.

दादाच्या ट्रकला पुढे दोन आणि मागे दोन शॉकॲब. आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी चारही उतरवून माझ्याकडे पाठवले. सोबत निरोप होता, "चारही गेलेत. नवे टाका." अण्णांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, मत अगदी उलट. अण्णा तीस वर्षे फाउंड्रीत होते. घरातला पंखा, मिक्सर, सायकल, शिवणयंत्र, त्यांच्या हातून दुरुस्त झाले नाही असे आमच्याकडे काही नाही. ते म्हणाले, "घरात लेथ असताना बाजारातून विकत आणायचं? लोक काय म्हणतील? उघड की आणि बघ." दादाचा स्वभाव दोघांच्या मधला. वहिनीच्या ऑपरेशनचा खर्च नुकताच झालेला, ट्रकचा हप्ता चालू. तो एवढेच म्हणाला, "स्वस्तात होत असेल तर कर. पण घाटात मला भरवसा पाहिजे."

स्वस्त आणि भरवसा, हे दोन शब्द मी फळ्यावर खडूने लिहून ठेवले आणि कामाला लागलो.

मी पहिल्यांदा चारही शॉकॲब पुसून लाकडी बाकावर मांडले. आडवा पडून राहिलेला शॉकॲब लगेच तपासू नये, कारण आतल्या नळीत हवा शिरलेली असते. उभा धरून पाच-सहा वेळा सावकाश पूर्ण ओढायचा आणि दाबायचा, म्हणजे हवा निघून जाते. मग कस लागतो. चांगला शॉकॲब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा जड लागतो, आणि बहुधा दाबताना कमी, ओढताना जास्त. मागचे दोन्ही असेच निघाले. दांड्यावर ओरखडा नाही, अंगावर पोचा नाही, वर फक्त तेलाचा पुसटसा ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ. एवढा ओलावा चालतो. सीलमधून दांड्याबरोबर थोडे तेल येतेच. मग मेस्त्रींना ते गेलेले का वाटले? दोन्ही टोकांच्या डोळ्यांतले रबरी बुश झिजून अंडाकृती झाले होते. गाडी हलली की तिथे खडखडाट होई. रबर गेले होते, शॉकॲब शाबूत होते.

पुढच्यांची गोष्ट वेगळी. एकातून तेल ओघळून खालपर्यंत आले होते. ओढताना मधे दोन बोटे अंतर अगदी मोकळे जाई, मग एकदम अडके. दुसऱ्यातून तेल गळत नव्हते, पण दाबताना आणि ओढताना सारखाच हलका, सायकलच्या जुन्या पंपासारखा.

हे दोन दुरुस्त करावेत की नाही, हाच खरा प्रश्न. आमच्या रस्त्याच्या कडेच्या दुकानांतून शॉकॲब "भरून" देतात. बाजूला भोक पाडायचे, तेल ओतायचे, भोक वेल्डिंगने बुजवायचे. तासाभरात काम, पैसेही थोडे. पण तेल का गळले, याचे उत्तर त्यात नाही. सील तेच, दांडा तोच. उलट वेल्डिंगच्या उष्णतेने आतले रबर आणखी कडक होते. तेल कोणते घातले आणि हवेला जागा किती ठेवली, याचा हिशेब नाही. असा शॉकॲब गिऱ्हाइकासमोर दाबून दाखवला तर जड लागतो. चार खेपांनंतर काय होते ते बघायला भरणारा तिथे नसतो. शिवाय काही शॉकॲबमध्ये दाबाखाली गॅस भरलेला असतो. तसल्याला भोक पाडणे किंवा आच लावणे म्हणजे जिवाशी खेळ. मुलांनी कोणताही शॉकॲब स्वतः उघडायचा नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

मला दुरुस्ती करायची तर नीट करायची होती. गळणारा शॉकॲब गॅसचा नाही याची खात्री केली, तेल भांड्यात काढले आणि वरचे टोक लेथवर कापून तो उघडला. उघडावा लागला म्हणजे कापावा लागला, हे लक्षात घ्या. त्याला आटे नव्हते, नट नव्हता. कारखान्यात तो दाबून कायमचा बंद केलेला होता. ज्याने तो बनवला त्याने तो पुन्हा उघडला जाईल असे धरलेलेच नव्हते.

आत पाहिले ते असे. दांड्यावरचा क्रोम एका बाजूने उडालेला, त्या खरखरीत भागाने सील खाऊन टाकलेले. आतल्या नळीवर उभे ओरखडे. दट्ट्यावरच्या चकत्यांपैकी दोन वाकलेल्या. तेल काळे, त्यात लोखंडाची पूड.

यातले मी काय करू शकत होतो? दांडा नवा करता येईल. चांगल्या पोलादाचा दांडा टर्न करायचा, त्याला हार्ड क्रोम करून आणायचे, मग ग्राइंडिंग. हे सगळे उद्यमबागेत होते. नळी होनिंग करता येईल. सील मापाचे शोधून मिळेल. बंद केलेल्या टोकाला आटे पाडून नट बसवता येईल. इथपर्यंत हात शिवशिवत होते. अण्णा रोज संध्याकाळी येऊन बाकापाशी उभे राहत आणि म्हणत, "होतंय की."

अडले ते चकत्यांपाशी. कागदासारख्या पातळ अशा त्या चकत्यांची जाडी, त्यांची संख्या आणि त्यांचा क्रम यांवर शॉकॲबचा सगळा स्वभाव ठरतो. जाडीत केसभर फरक पडला तरी तो जास्त कडक किंवा जास्त मऊ होतो. समजा मी तशाच चकत्या कापून बसवल्या. बरोबर बसल्या की नाही, हे कळणार कसे? हाताने दाबून कळत नाही. हात सावकाश दाबतो. खड्ड्यात चाक फार जोराने उडते.

रेल्वेत हे काम कसे चालते, ते मला ठाऊक होते. आपल्याजवळ हुबळीला रेल्वेचा डबे दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे. जुन्या आयसीएफ पद्धतीच्या डब्यांना जे उभे शॉकॲब असतात, ते रेल्वेच्या कारखान्यांत उतरवून, खोलून, सील आणि झिजलेले भाग बदलून पुन्हा वापरतात. पण बसवण्याआधी प्रत्येक शॉकॲब चाचणीच्या यंत्रावर चढतो. सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने हलवला असता त्याने ६०० किलोचा विरोध दाखवायला हवा, असे त्याचे माप ठरलेले आहे. तिथे दुरुस्तीच योग्य, कारण वस्तू उघडण्यासाठी बनवलेली आहे, भाग मिळतात आणि काम बरोबर झाले की नाही हे सांगणारे यंत्र शेजारी उभे आहे.

इतके लांब जायलाही नको. तुमच्या घरच्या मोटारसायकलचे पुढचे फोर्क पाहा. तोही एक प्रकारचा शॉकॲबच. त्याचे सील गेले, तेल गळू लागले तर कोणी नवा फोर्क घेत नाही. मेस्त्री तो खोलतो, नवे सील बसवतो, ठरलेले तेल ठरलेल्या मापाने घालतो आणि गाडी परत देतो. कारण तो खोलता येईल असाच केलेला असतो. एकच काम करणाऱ्या दोन वस्तू, पण एकीला दुरुस्ती शोभते आणि दुसरीला बदली.

मग मी हिशेब मांडला. पुढच्या नव्या जोडीची किंमत शंभर धरली, तर पोलाद, क्रोम, ग्राइंडिंग आणि सील मिळून माझा खर्च साठच्या आसपास जात होता. यात माझी मजुरी धरलेली नाही. भावाचे काम, मजुरी कसली. पण माझा लेथ दोन दिवस दुसऱ्या कामाला मिळणार नव्हता. दादाचा ट्रक चार-पाच दिवस उभा राहणार होता, आणि ट्रक उभा राहिला तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही. गोव्याचे गिऱ्हाईक तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून भाजी घेते. त्यात पुढच्या टायरांची जोडी शॉकॲबच्या जोडीपेक्षा कितीतरी महाग. माझा शॉकॲब थोडा जरी कमी पडला असता तर वाचलेले चाळीस टायरांनी व्याजासह वसूल केले असते. हे झाले पैशांचे. केबिनमध्ये बापाशेजारी बसणाऱ्या पोराचा हिशेब मी कागदावर मांडला नाही. त्याची गरज नव्हती.

पुढचे दोन्ही नवे घ्यायचे ठरले. एकच गळत होता, तरी दोन्ही. एका एक्सलवर एक नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेक लावताना आणि वळताना दोन्ही बाजूंचा स्वभाव वेगळा राहतो. मागचे दोन मात्र आम्ही ठेवले. जुने बुश दाबून काढले, नवे रबरी बुश बसवले. त्याचा खर्च म्हणाल तर चहापाण्यासारखा. बुशचे नट आवळताना एक गोष्ट मेस्त्रींना आवर्जून सांगितली, आणि त्यांनीही मान डोलावली: ट्रक जॅकवर असताना आवळायचे नाहीत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावर शेवटचा आवळा द्यायचा. नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

अण्णांना हा निकाल सांगणे मला जड गेले. त्यांच्या दृष्टीने मी हात टेकले होते. मी काही न बोलता कापलेला शॉकॲब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाकलेली चकती बोटांवर घेऊन उजेडात धरली, नळीवरच्या ओरखड्यांवरून नख फिरवले. बऱ्याच वेळाने विचारले, "ही चकती बरोबर झाली की नाही, हे कशावर तपासणार होतास?" मी म्हणालो, "तेच तर नाही ना आपल्याकडे." त्यावर ते म्हणाले, "मग बरोबर केलंस. मापता येत नाही ते काम घ्यायचं नसतं. फाउंड्रीत आम्ही तेच करत होतो." अण्णांचा दुरुस्तीचा हट्ट आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्या हट्टाच्या आत एवढी कडक शिस्त आहे, हे मला त्या संध्याकाळी नीट समजले. पंखा त्यांनी दुरुस्त केला तो फिरताना दिसतो म्हणून, शिवणयंत्र दुरुस्त केले ते टाके घालून दाखवते म्हणून.

त्या गोष्टीला आता बराच काळ झाला. मागचे शॉकॲब नव्या बुशांवर अजून चालू आहेत. पुढचे टायर सारखे झिजून, पूर्ण वापरूनच निघाले. उघडलेल्या शॉकॲबच्या दांड्याचा चांगला तुकडा मी फेकला नाही. त्याचा पंच केला. बुश ठोकायला रोज हाती लागतो.

या अनुभवानंतर दुकानात कोणतीही वस्तू आली की मी तीन प्रश्न विचारतो. नेमके झिजले काय आहे, सगळी वस्तू की तिचा एखादा बुश? ती वस्तू उघडण्यासाठी केलेली आहे का? आणि दुरुस्ती बरोबर झाली हे मला तपासता येईल का? तिन्हींची उत्तरे मनासारखी आली तर दुरुस्ती, मग गिऱ्हाईक नवे घ्यायला तयार असले तरी. एखाद्याचे उत्तर अडले आणि त्या वस्तूवर कोणाचा जीव अवलंबून असला, तर नवीन. गिऱ्हाइकाला आपल्याकडून दोन पैसे कमी मिळाले तरी चालेल.

आपल्या शाळेतले जुने लोखंडी बाक तुम्ही पाहता. माझ्या वेळचे काही अजून आहेत. त्यांच्या फळ्या दोनदा बदलल्या, सांगाडे तेच आहेत. विश्वस्तांनी ते भंगारात काढले नाहीत याचा मला आनंद आहे. पण वर्गातल्या विजेच्या जुन्या तारा मात्र चिकटपट्ट्या लावून चालवू नयेत, हेही त्याच तीन प्रश्नांत बसते. पालकांनी मुलांच्या सायकलचे ब्रेक पाहताना हे प्रश्न विचारावेत, आणि मुलांनी नवी वस्तू मागण्याआधी स्वतःला विचारावेत.

विद्यार्थी मित्रांनो, पुतण्या आता डिप्लोमाला आहे. शॉकॲबची चाचणी घेणारे छोटे यंत्र बनवायचे त्याच्या मनात आहे. ते झाले तर अण्णांचा जुना आग्रह कदाचित पुरा होईल, आणि मग बाजारातून विकत आणायचे की नाही, हा वाद आमच्या घरात पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. तोवर ज्यांना दट्ट्या, चकत्या आणि दोन नळ्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील त्यांनी शिक्षकांबरोबर वर्कशॉपमध्ये यावे. कापलेला शॉकॲब मी पुसून ठेवला आहे.

— एक माजी विद्यार्थी, उद्यमबाग, बेळगाव